आमच्या डेकवर पाय चिकटतो

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी आठच्या सुमारास खडकवासल्याच्या पाण्यात तीन माणसं, एक नारळ आणि साबुदाण्याच्या खिचडीने भरलेला एक स्टीलचा डबा अशा पाच गोष्टी एकापाठोपाठ एक पडल्या. वादळ नव्हतं. लाट नव्हती. ह्या घटनेमागे कोणत्याही बाह्य शक्तीचा हात नव्हता. हात माझा होता.

(खिचडी वाचली नाही. बाकी सगळे सुखरूप आहेत. वाचकांनी पुढचं निश्चिंत मनाने वाचावं.)

पुण्याला समुद्र नाही, ही आम्ही पुणेकरांनी कधी उणीव मानलेली नाही. मुंबईला आहे, त्यांनी सांभाळावा. पण आमची लेक ईरा पंधरा वर्षांची असताना मैत्रिणीबरोबर धरणावर शिडाच्या बोटी बघायला म्हणून गेली आणि परत आली ती वेगळीच मुलगी होऊन. कॉलेजसाठी जिला उठवायला मला तीनदा हाक आणि एकदा पाण्याचा तांब्या लागतो, ती दर रविवारी साडेपाचला आपली आपण उठून कोथरूडहून धायरीमार्गे स्कूटर हाणत पाण्यावर जाऊ लागली. तिथे एक छोटासा क्लब आहे. वर्षभर तिने दुसऱ्यांच्या बोटींवर दोऱ्या ओढल्या, आणि मग क्लबने एक जुनी, दोन माणसांची बोट वर्षभरासाठी तिच्या हवाली केली. बोटीचं नाव ‘टिटवी’.

अट एकच होती. वर्षाअखेरच्या शर्यतीत पहिल्या तिघांत आलात तर बोट आणखी एक वर्ष तुमची. नाहीतर रांगेतल्या पुढच्या माणसाला. रांगेत सात जण होते, आणि त्यातले निम्मे दर रविवारी येऊन ‘टिटवी’कडे आपल्याच घरी भाडेकरू राहतोय अशा नजरेने बघून जायचे.

आता थोडं माझ्याविषयी. (म्हणजे थोडंच, असं मी म्हणतेय. आमचे हे बाजूला बसून हसतायत.)

माझं माहेर नारायण पेठेतलं. दोन खोल्या, पण त्या दोन खोल्यांची लाल जमीन अख्ख्या आळीत प्रसिद्ध. माझी आई दर पंधरा दिवसांनी मेण, टर्पेंटाइन आणि थोडं खोबरेल ह्यांचं मिश्रण करून नारळाच्या शेंडीने ती जमीन घासायची. वरचा पंखा खाली जमिनीत फिरताना दिसला पाहिजे, हा तिचा निकष. पंखा दिसला तरी पाती मोजता आली नाहीत तर पुन्हा घासायची. आणि आमच्या घरात सर्वांत मोठी शिवी कोणती होती, तर ‘पाय चिकटतो’. माझी आत्या एकदा चुलतभावासाठी मुलगी बघून आली आणि दारातच म्हणाली, “मुलगी देखणी, माणसं सोन्यासारखी, पत्रिका जुळते. पण पाय चिकटतो.” स्थळ मोडलं. कुणी वर प्रश्नसुद्धा विचारला नाही.

अशा घराण्यात मी वाढले. आता आपण ‘टिटवी’कडे वळू.

शर्यत रविवारी, आणि शनिवारी ईराची प्रॅक्टिकल. शुक्रवारी जेवताना ती म्हणाली, “आई, उद्या बोटीचं डेक कोण साफ करणार? मुक्ताचीही परीक्षा आहे.” मुक्ता म्हणजे तिची बोटीवरची जोडीदार. बोट ईरा चालवते, मुक्ता दोऱ्या ओढते आणि तोल सांभाळते.

“मी करीन,” मी म्हणाले.

आमच्या सासूबाई ताटातून वर न बघता म्हणाल्या, “संपलं. आता ती बोट विरघळेपर्यंत घासणार ही.”

“आई, नीट ऐक,” ईरा म्हणाली. “ते डेक मुद्दाम खडबडीत केलेलं असतं. पाय घसरू नये म्हणून. त्यावर शंकरपाळ्यांसारखी नक्षी आहे बघ, बारीक बारीक. घाण त्या शंकरपाळ्यांच्या मधल्या खाचांत बसते. आधी साधं पाणी मारायचं. मग साधा साबण, मऊ ब्रश, आणि गोल गोल फिरवायचा. तारेची घासणी नको, अ‍ॅसिड नको, ब्लीच नको.”

“बरं.”

“वाळलं की ह्या बाटलीतलं लावायचं. पातळ हाताने. ऊन लागून खराब होऊ नये म्हणून असतं ते.”

मी बाटली उघडून वास घेतला. दोन बोटांत घेऊन चोळून बघितलं. “हे चमकतं का?”

“नाही.”

“मग लावायचं कशाला?”

ईराने वडिलांकडे बघितलं. वडिलांनी वरणाकडे बघितलं.

शनिवारी सकाळी मी पदर खोचून पाण्यावर हजर झाले. आणि मला प्रांजळपणे सांगू द्या, ते डेक बघून माझं मन भरून आलं. इतकी घाण मी आयुष्यात एका जागी बघितली नव्हती. शेवाळ, चिखल, पक्ष्यांनी वर्षभर केलेली कामगिरी, आणि एका कोपऱ्यात कुणाच्या तरी भेळेतली वाळलेली चिंच. प्रत्येक शंकरपाळ्याच्या चारही बाजूंना काळी रेघ. मला वाटलं, देवाने मला कोथरूडच्या तीन खोल्यांत अडकवून ठेवलं होतं ते ह्या दिवसासाठी.

ईराने सांगितलं होतं तसंच केलं. शब्दशः. पाणी, साबण, मऊ ब्रश, गोल गोल. कोपऱ्यांना जुने टूथब्रश. चार तासांत ते डेक दुधासारखं पांढरं झालं. मग बाटलीतलं ते औषध पातळ हाताने लावलं. ते खरंच चमकलं नाही. पण मी मन मोठं केलं.

इथे बबनदादा आले. बबनदादा म्हणजे क्लबच्या बोटींची देखभाल करणारे, मूळचे धायरीचे, साठीचे गृहस्थ. चाळीस वर्षं त्या पाण्यावर काढलेली. त्यांनी चपला काढल्या, ‘टिटवी’वर चढले, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, टाच दाबून बघितली, आणि समाधानाने मान डोलावत म्हणाले:

“ब्येस झालंय ताई. पाय चिकटतुया.”

वाचकहो, माझ्या कानांत शिट्टी वाजली.

चार तास! गुडघे सोलवटून! आणि नारायण पेठेतल्या माझ्या आईच्या मुलीला, भर दुपारी, उघड्या आकाशाखाली, दोन परक्या माणसांच्या देखत सांगितलं जातं की पाय चिकटतो. (परकी माणसं म्हणजे रांगेतल्या सात जणांपैकी दोघं. आयटीतले तरुण, एकसारखे काळे चष्मे लावलेले. त्यांनी मान हलवून दुजोराही दिला.)

“कुठे चिकटतो?” मी थंडपणे विचारलं.

“समदीकडं,” बबनदादा कौतुकाने म्हणाले. “यकदम सारखा. कुटंच कमी न्हाय.”

आमच्याकडे अपमान झाला की बोलत नाहीत. मेण आणतात.

शनिवारी संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात आईच्या कृतीने मिश्रण तयार झालं. घरभर टर्पेंटाइनचा वास सुटला. ईरा परीक्षेने दमून आठ वाजताच झोपली होती. हे विचारायला आले, “काय शिजतंय?”

“बोटीचं.”

“ईराने सांगितलंय?”

“ईरा सतरा वर्षांची आहे,” मी म्हणाले. “ही कृती साठ वर्षांची आहे.”

ह्या युक्तिवादातला दोष ह्यांना दिसला होता, असं हे आता सांगतात. तेव्हा हे मुकाट्याने फडकी फाडायला बसले होते, ह्याची नोंद असावी.

रविवारी सकाळी सहाला आम्ही दोघं पाण्यावर. सोबत पातेलं, नारळाच्या चार शेंड्या आणि माझं एक जुनं सुती पातळ. ईरा आणि मुक्ता साडेसातला येणार होत्या, सासूबाईंना शेजाऱ्यांची गाडी आणणार होती. सासूबाईंचा आग्रह असा की शर्यतीआधी नारळ वाढवायचा, हळदकुंकू वाहायचं. “दुचाकीलाही करतो आपण,” त्या म्हणाल्या होत्या, “आणि ती तर जमिनीवर चालते.”

दीड तास मी धक्क्यावरून ओणवी होऊन घासत होते. आणि काय सांगू! आधी ते मेण खाचांत उतरलं. मग खाचा भरल्या. मग शंकरपाळे दिसेनासे झाले. मग त्यावर पातळाचं फडकं फिरवलं, आणि सूर्य वर आला तेव्हा ‘टिटवी’च्या डेकमध्ये सिंहगड दिसला. अख्खा. वरच्या टॉवरसकट. मी ह्यांना म्हटलं, “मोजा.” ह्यांनी विचारलं, “काय मोजू?” आणि खरंच, पंखा नव्हता. पण मला आईची फार आठवण आली.

बोट धक्क्याला बांधलेली होती. मी तिच्यावर स्वच्छ चादर पांघरली. सर्वांसमक्ष उघडायची, असा बेत. उद्घाटनाशिवाय आमच्याकडे नवीन पायपुसणंही वापरात येत नाही.

पावणेआठपर्यंत सगळे जमले. ईरा आणि मुक्ता शिडं घेऊन आल्या. सासूबाई आल्या, त्यांच्यासाठी परीक्षकांच्या मांडवात खुर्ची मिळाली. आणि ‘टिटवी’ची तपासणी करायला क्लबचे कमांडरसाहेब आले. हे नौदलातून निवृत्त झालेले, ताठ, पांढरे बूट, पांढऱ्या मिशा. बोट शर्यतीला योग्य आहे की नाही हे तेच ठरवणार. त्यांच्या हातात पुठ्ठा आणि पेन्सिल.

मी चादर ओढली.

कौतुकाचा एक उसासा उठेल अशी माझी अपेक्षा होती. उसासा उठला, पण तो ईराचा होता, आणि त्यात कौतुक नव्हतं.

“आई,” ती अगदी हळू म्हणाली, “हे चमकतंय.”

“मग!”

“आई, हे का चमकतंय?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात कमांडरसाहेबांनी धक्क्यावरून डेकवर पाऊल ठेवलं.

मी जहाजावरची माणसं कशी पडतात ह्याबद्दल काही जाणत नाही. पण इतकं शिस्तीत पडलेलं माणूस मी बघितलेलं नाही. उजवा पाय साहेबांना न विचारता पुढे निघाला. साहेब काही क्षण त्याच्यामागे ताठच गेले, मान सरळ, पुठ्ठा छातीशी, जणू संचलन चाललंय. बोटीची लांबी संपली तरी संचलन संपलं नाही. ते पलीकडच्या बाजूने, सावधान स्थितीत, पाण्यात उतरले.

पाणी छातीइतकंच होतं. पुठ्ठा आधी वर आला, मग मिशा.

“अहो, धरा त्यांना,” मी ह्यांना म्हणाले. आमचे हे आज्ञाधारक. हे धावले. हे ज्या वेगाने डेकवर शिरले त्याच वेगाने डेकवरून बाहेर पडले, मध्ये फक्त एकदा बसले. हातात खिचडीचा डबा होता, तो ह्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. झाकणाने सोडला.

मुक्ता लहान, चपळ, अनवाणी. तिला वाटलं अनवाणी पाय धरेल. पायाने प्रयत्न केला, हे मी मान्य करते. ती डोलकाठीला धरायला गेली, डोलकाठीभोवती एक सुंदर अर्धी गिरकी घेतली आणि हातावर आपटून पलीकडे गेली. बबनदादा नारळ घेऊन उभे होते. ते चाळीस वर्षांचे जाणते, ते जागचे हलले नाहीत. त्यांनी फक्त नारळ डेकवर ठेवून बघितला. नारळ क्षणभर विचार करून निघून गेला.

“ताई,” बबनदादा पाण्यातल्या वर्तुळांकडे बघत म्हणाले, “काल चांगलं चिकटत हुतं की.”

“म्हणजे ते चांगलं असतं?”

“आता कसं सांगू. पाय चिकटला तर मानूस ऱ्हातंय. न्हायतर जातंय.” आणि त्यांनी पाण्यातल्या माणसांकडे हात केला. उदाहरणं समोरच होती.

वाचकहो, आयुष्यात काही शब्दांचा अर्थ पन्नाशीला कळतो. मला त्या धक्क्यावर कळला.

कमांडरसाहेब वर आले. बुटांतून पाणी काढलं. पुठ्ठ्यावर पेन्सिल उमटेना म्हणून तोंडीच म्हणाले, “डेक निसरडं आहे.” नौदलात मोजकं बोलायला शिकवत असावेत. “पाऊण तास आहे. साफ झालं तर उतरा.”

मग आम्ही भिडलो. मी, हे (ओले), बबनदादा आणि ईरा. कोमट पाण्याचा थर्मास, साबण, मऊ ब्रश, गोल गोल. मेण निघेना. माझ्या आईची कृती होती ती, सहज निघायला ते काय बाजारचं पॉलिश आहे? (हे मी त्याही क्षणी मोठ्याने म्हणाले, असं हे सांगतात. मला आठवत नाही.) मग एकेका शंकरपाळ्याच्या खाचेतून केसांच्या पिनेने मेण उकरायला घेतलं. सासूबाईंनी मांडवातून आपल्या अंबाड्यातल्या पाच पिना पाठवल्या, आणि सोबत निरोप: “मोजून परत हव्यात.”

पाऊण तासात अर्धं डेक मोकळं झालं. मागचं अर्धं. म्हणजे ईरा जिथे बसून सुकाणू धरते ते. पुढचं अर्धं, मुक्ताचं, अजून सिंहगड दाखवत होतं. कमांडरसाहेबांनी मागे बूट दाबून बघितला आणि सुकाणू धरणारी घसरणार नाही, एवढ्यावर हो म्हटलं.

आणि मुक्ताचं मनगट सुजलं होतं. तिने दोरी ओढून बघितली आणि ओठ चावला. बर्फ लावून तिला मांडवात बसवलं.

“दोन माणसं हवीतच,” कमांडरसाहेब म्हणाले. “नियम आहे.”

तेव्हा ईराने जे केलं ते मी विसरणार नाही. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. मी तयारीत होते, उत्तरंही जुळवली होती. पण तिने वाकून गुपचूप शिडाची दोरी सोडायला घेतली. पलीकडे त्या दोन काळ्या चष्म्यांनी एकमेकांकडे बघितलं. एक जण तर ‘टिटवी’च्या सुकाणूकडे असा बघत होता, जणू पडदे कुठल्या रंगाचे लावावेत ते ठरवतोय.

“थांब,” मी म्हणाले. “दुसरं माणूस मी.”

“आई, प्लीज.”

“नियमात वय लिहिलंय का? साहेब, वय लिहिलंय?”

“नाही,” साहेब म्हणाले. “पोहता येतं?”

“महिलांच्या बॅचमध्ये बारा वर्षं जातेय मी.”

“तिथे ही गप्पा मारते,” हे म्हणाले.

“पाण्यात राहून मारते,” मी म्हणाले. “बुडणाऱ्याला जमेल का ते?”

कमांडरसाहेबांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि अनुभवी माणसाच्या तटस्थपणाने म्हणाले, “वजन आहे.” मी हे कौतुक समजले. दोन दिवसांत एवढं तरी शिकले होते.

नारिंगी जाकीट चढवून मला बोटीवर ठेवण्यात आलं. (‘बसवण्यात’ हा शब्द वापरता येणार नाही. मी तिथे कोणत्याही एका जागी नव्हते.) ईराने थोडक्यात शिकवलं. “वारा बोटीला एका बाजूला कलंडवतो, आपण उलट्या बाजूला बसून तोल धरायचा. मी ‘वळतेय’ म्हटलं की मान खाली, आणि पटकन ह्या बाजूकडून त्या बाजूला. पाय ह्या पट्ट्याखाली अडकव. बस.”

“दोऱ्या?”

“दोऱ्या मी बघते. आई, कशालाही हात लावू नकोस. काही पुसू नकोस.”

नऊ बोटी सुटल्या. आम्ही नवव्या.

आता ह्या शर्यतीचं मर्म सांगते. वाऱ्याच्या उलट जायचं तर बोट नागमोडी न्यावी लागते. म्हणजे वळायचं, पुन्हा वळायचं, पुन्हा पुन्हा वळायचं. प्रत्येक वळणावर तोल धरणाऱ्या माणसाने ह्या टोकाकडून त्या टोकाला जायचं. इतर बोटींवर ही माणसं गुडघ्यावर रांगत, ठेचकाळत, दोऱ्यांत पाय अडकवत जायची. डेक खडबडीत ना. पाय चिकटतो.

“वळतेय,” ईरा म्हणाली.

मी पट्ट्यातून पाय काढला, कडेला हाताने जरासा रेटा दिला. आणि निघाले. कपाटाचा खण बंद व्हावा तशी मी एका दमात ‘टिटवी’च्या ह्या काठावरून त्या काठावर गेले. नुसती गेले नाही, काठ संपल्यावरही थोडी गेले. पाय तेवढे पलीकडच्या पट्ट्यात अडकले, आणि कंबरेपासून वरची मी पाण्यावर आडवी, आकाशाकडे तोंड करून. टाळूला धरणाचं पाणी लागत होतं.

“आई!” ईरा ओरडली. मी माफी मागणार तोच ती म्हणाली, “तश्शीच राहा.”

कारण बोट सरळ झाली होती. वाऱ्याने कलंडू बघणारी ‘टिटवी’ माझ्या बाहेर लोंबणाऱ्या वजनाने सपाट झाली आणि सरसर पुढे निघाली. मला नंतर सांगण्यात आलं की असं बाहेर लोंबकळायला मुलं महिनोन्महिने पोटाचे व्यायाम करतात. मी ते एका पातेल्यात साधलं होतं.

“वळतेय.” सुळकन. “वळतेय.” सुळकन. आठवी बोट मागे. सातवी मागे. तिच्यातला माणूस अजून गुडघ्यावरच होता, माझ्याकडे बघत होता. मी त्याला जाता जाता नमस्कार केला. (आडवी असताना नमस्कार करता येतो. जरा राष्ट्रीय नेत्यासारखं वाटतं.)

पण खरं सांगू? दुसऱ्या फेरीत मी जरा मान वळवून मागे बघितलं. आणि मला पहिल्यांदाच ईरा दिसली. म्हणजे घरी दिसते ती नव्हे. डोळे बारीक करून शिडाकडे बघणारी, पाण्यावरची काळी रेघ बघून वारा येतोय हे आधीच ओळखणारी, एका हातात सुकाणू, दुसऱ्या हातात दोन्ही दोऱ्या, आणि एका दोरीचं टोक दातांत. पुढे असा एक निसरडा, बोलका ऐवज असूनही मन जरा विचलित नाही. दर रविवारी साडेपाचला उठून ही काय करायला जाते ते मला दोन वर्षांत कळलं नव्हतं. ते आडवं पडल्यावर कळलं. ओठांना काहीतरी ओलं लागलं. धरणाचं पाणीच असेल, पण खारट होतं.

शेवटच्या फेरीत आम्ही चौथ्या. तिसरे ते दोन काळे चष्मे, एका दिवसापुरत्या मागून आणलेल्या बोटीवर. शेवटचं वळण. त्यांच्या बोटीवरचा पुढचा तरुण वळायच्या आधीच घाईने उठला, त्याचा बूट डेकला घट्ट बसला, आणि वरचा तरुण तेवढा पुढे गेला.

“वळतेय,” ईरा म्हणाली.

मी सगळं बळ एकवटून रेटा दिला. फार बळ झालं. मी त्या काठावर पोचले, पट्टा चुकला, उलटी फिरले, परत ह्या काठावर आले, पुन्हा तिकडे गेले, आणि शेवटी डोकं एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला, पातळ की सलवार कळेनासं होऊन डेकभर पसरले. ह्या सगळ्या येरझाऱ्यांत ईराने सुकाणू केसभरही हलू दिलं नाही. ‘टिटवी’चं नाक त्या दोघांच्या पुढे गेलं. वितीभर. शिट्टी वाजली.

तिसऱ्या!

मांडवात एकच गलका झाला. निकाल सांगायला तिथे माइक होता, तो चालू होता, आणि सासूबाईंची खुर्ची नेमकी त्याच्याशेजारी होती. कमांडरसाहेबांनी डोळ्यांना दुर्बीण लावून विचारलेलं अख्ख्या धरणाने ऐकलं: “तिसरी बोट ‘टिटवी’. तिच्यावर दोघी ना? मला एकच दिसतेय. दुसरी कुठे आहे?”

आणि सासूबाई, दोन्ही हात कंबरेवर ठेवून, सगळ्या जलाशयाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या:

“नाव चालवतेय ती आमची नात. आणि डेकवर सांडलीय ना, तीही आमचीच.”